जीमेलमध्ये नीट मांडलेली ईमेल समोरच्याच्या आउटलुकमध्ये विस्कटते. उपाय काय?

विस्कटणारच. २००७ च्या आवृत्तीपासून विंडोजवरचं आउटलुक ईमेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं. परिच्छेदाचं पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा), मागचं चित्र, कमाल रुंदी, यातलं त्याला काही कळत नाही. टेबलाच्या खणातलं पॅडिंग तेवढं कळतं, म्हणून न्यूजलेटरवाले अजूनही टेबलंच मांडत बसतात.

पण तुमची ईमेल मराठीत असेल तर आउटलुकला नंतर शिव्या द्या, आधी फॉन्ट बघा. इंदूरला आमच्या मंडळाचे कार्यवाह गणेशोत्सवाचं कार्यक्रमपत्रक वर्डमध्ये कृतिदेवात टाइप करायचे (इकडे निम्मी ऑफिसं त्याच्यावरच चालतात) आणि उचलून ईमेलमध्ये चिकटवायचे. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला देवनागरी मुखवटा. ईमेलबरोबर फॉन्ट जात नाही. त्यामुळे पुण्यातल्या सभासदाच्या फोनवर ‘गणेश’च्या जागी एक्स, टिंब, के, एस, अवतरणचिन्ह आणि पुन्हा के! तक्रार आली की यांचं ठरलेलं उत्तर, ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय, तुम्ही फॉन्ट टाकून घ्या.’ फोनमध्ये कुठून टाकणार?

भर बैठकीत मी म्हटलं, देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत) आहे, विंडोज २००० पासून मंगल फॉन्ट आयता मिळतो, आता तरी सोडा. ऐकलं, पण अर्धंच. युनिकोडात आले आणि डावीकडे वेळ, उजवीकडे गायकाचं नाव, मधली जागा स्पेसबार दाबून भरलेली! विंडोजवर मंगल किंवा निर्मला, आयफोनवर कोहिनूर. प्रत्येकाची अक्षररुंदी वेगळी. ‘सायंकाळी ७’ एका ओळीत, गायक खालच्या ओळीत. वर ठपका माझ्यावर, की ‘तुमच्या युनिकोडमुळे बिघडलं’.

तेव्हा युनिकोडात लिहा. वर्डमधून आणलेला मजकूर साधा करून चिकटवा, जीमेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही. वेळ आणि नाव एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविराम. रंग, चौकटी, गणपतीचं चित्र, सगळं पीडीएफमध्ये. फॉन्ट त्यात सोबत जातो.

हो, मॅकवरचं आउटलुक आणि विंडोजवरचं नवं आउटलुक वर्डच्या इंजिनावर चालत नाही, तिथे त्रास कमी आहे. पण समोरच्याकडे कुठलं आहे हे तुम्हाला कुठे माहीत असतं? आणि ‘पीडीएफ उघडतं कोण’ हे आमच्या कार्यवाहांचं म्हणणं मला पाठ आहे. जे उघडत नाहीत, ते तुमची रंगीत ईमेलसुद्धा वाचत नाहीत, साहेब.