जैवविघटनशील, की जिरणारी?

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांनी विचारले आहे की, पॅकिंगच्या फिल्मवर ‘जैवविघटनशील’ छापावे की ‘जैवविघटनक्षम’. ‘शील’ने स्वभाव कळतो आणि ‘क्षम’ने कुवत. म्हणून ठरावीक ऊब आणि ओल मिळाली तरच जी फिल्म नष्ट होते, तिला ‘क्षम’ लावावे. मात्र खरा घोळ ‘विघटन’ या शब्दातच आहे, आणि सांगलीच्या बाजारात तो हल्ली वाटेल त्या पिशवीला चिकटवलेला पाहून मनस्वी चीड येते.

‘घट्’ म्हणजे जुळणे. त्याला ‘वि’ लागला की जुळलेले सुटते. (‘बिघडणे’ही त्याच कुळातले.) पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळून केलेल्या ऑक्सो फिल्मचे उन्हाने आणि उष्णतेने नेमके एवढेच होते: तिचे तुकडे पडतात आणि ते मातीत राहतात. तिला विघटनशील म्हणणारा शब्दार्थाने खोटा ठरत नाही, हीच अडचण आहे.

तुकडेही न उरता मातीत पचून जाणे, याला आपल्याकडे अचूक शब्द आहे, जिरणे. त्याच्या मुळाशी असलेल्या संस्कृत ‘जॄ’ धातूत झिजणे आणि पचणे हे दोन्ही अर्थ नांदतात. म्हणून विटलेले वस्त्र जीर्ण, पचलेले अन्नही जीर्णच, आणि न पचले की अजीर्ण. पाचक जिऱ्याला निघंटूंत, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या कोशांत, ‘जरण’ असेही नाव आहे, आणि ‘जीरक’ याच धातूचा, असे माझे ठाम मत आहे. फारसीत ‘झीरा’ आहे एवढ्यावरून जिरे तिकडून आले असे ठोकून देणाऱ्यांनी निघंटू उघडण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला कोणी उलगडून सांगावे लागले नाही.

जिरणे हा बोलीतला शब्द शास्त्राला चालणार नाही, असे म्हणणाऱ्या परिभाषाकारांनी आयएसओ १७०८८ हे आंतरराष्ट्रीय मानक पाहावे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी त्यात दोन वेगळ्या कसोट्या आहेत. ८४ दिवसांनी कंपोस्ट चाळल्यावर २ मिलिमीटरच्या चाळणीवर फिल्मच्या मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक भाग उरू नये, हे विघटन. तिच्यातल्या ९० टक्के कार्बनचा सूक्ष्मजीवांनी १८० दिवसांत कार्बन डायऑक्साइड करावा, हे जिरणे. दोन्हींना एकच शब्द वापरला की पहिल्या कसोटीला उतरलेला माल दुसरीचा मान मिरवतो.

तेव्हा ‘कंपोस्टमध्ये जिरणारी फिल्म’ असे छापावे. फिल्म पीएलएची (मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकची) असेल, तर ‘औद्योगिक कंपोस्टमध्ये’ असे स्पष्ट लिहावे, कारण तिला लागणारी सुमारे ५८ अंश सेल्सिअसची ऊब परसातल्या खतखड्ड्यात टिकत नाही.