खर्रा, दारू आणि घरातला जुना आजार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३४. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत रात्रपाळी असते, दिवसाला सहा-सात खर्रे (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेलं मिश्रण) होतात. तीन महिन्यांपासून तर्री पोहे खाल्ले की तोंडाची आग होते आणि मोठा घास घेता येत नाही. तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तर चालेल का?

उत्तर : नाही. तुमच्या तोंडाला जे झालेलं दिसतं, त्यात मुख्य हात सुपारीचाच आहे. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली कोलॅजेनचे धागे साचत जातात, गाल पांढुरका आणि चामड्यासारखा कडक होतो, जबडा आखडतो. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तिखट झोंबणं ही त्याची पहिली खूण. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं आहे. त्यामुळे ‘गोड सुपारी’, ‘सादी सुपारी’ हा उतारा नव्हे, तोच आजार आहे.

घरी एक तपासणी करा. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवा. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ही तपासणी होते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर तीन बोटं गेली तरी थांबू नका. आखडलेला जबडा पूर्ववत होईलच असं नाही. पण सुपारी बंद केली तर पुढचं आखडणं थांबण्याची शक्यता वाढते, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम (आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरून दर काही दिवसांनी एक काडी वाढवणं) तेव्हाच उपयोगी पडतो. एकीकडे व्यायाम आणि दुसरीकडे खर्रा, यातून हाती काही लागत नाही.

आता सुटणार कसा ते बघू. खर्ऱ्यात चुना असतो तो चवीपुरता नव्हे. चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटिन मोकळं होऊन गालातून झटकन रक्तात जातं, म्हणून पन्नीत घोटलेला खर्रा तोंडात टाकताच ‘लागतो’. त्याच चुन्याने गालही भाजतो. तेव्हा सोडताना दोन ओढी असतात, निकोटिनची आणि सुपारीची. निकोटिनच्या च्युइंग गमने पहिलीच भागते, आणि अनेकांचा गम ‘फेल’ जातो तो इथेच. दुसरीसाठी बडीशेप, वेलची, लवंग असं काहीतरी खिशात हवंच.

गम चॉकलेटसारखा चघळत राहायचा नसतो. सावकाश आठ-दहा वेळा चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास पुरतो. आधी पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा, कॉफी, संत्र्याचा रस नको, कारण आंबटपणामुळे निकोटिन गालातून शिरतच नाही. भराभर चावून रस गिळला तर उचकी, मळमळ आणि ‘गम सूट होत नाही’ ही तक्रार ठरलेली. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला खर्रा लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा गम अपुरा पडतो, ४ चा डॉक्टरांना विचारा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढे कमी करत साधारण १२ आठवडे. तुमचा जबडा आधीच आखडला आहे, म्हणून गमऐवजी त्वचेवर लावायची पट्टी बरी पडेल; तेही डॉक्टरांना विचारूनच. चिडचिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. मोफत समुपदेशनासाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६.

रात्रपाळीत झोप टाळायला खर्रा लागतो, ही खरी अडचण आहे. सोडण्याची तारीख दिवसपाळीच्या आठवड्यात ठरवा, आणि पानठेल्यावरची उधारी त्याआधी फेडून टाका. उधारीच्या निमित्तानेच पाय तिकडे वळतात.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, मधुमेहाची गोळी चालू, रोज देशी लागते. कधी पहाटे घामाघूम होऊन बरळतात; आम्हाला वाटतं उतरली नाही. शेजारी म्हणतात, जेवणात न सांगता दारू सोडवण्याची पूड घाला.

उत्तर : पूड घालू नका. अशा पुडीत डायसल्फिराम असेल आणि वरून दारू गेली तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी जिवावर बेतणं होऊ शकतं. ते औषध रुग्णाच्या संमतीने आणि तपासणी करूनच देतात.

पहाटेचं बरळणं दारूचं नसून साखर उतरल्याचं असू शकतं. यकृत दारू पचवण्यात गुंतलं की नवी साखर तयार करणं मागे पडतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन वरून चालूच असतं, पोटात जेवण नसतं. आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन. ग्लुकोमीटर नसेल तर ‘उतरली नाही’ असं गृहीत न धरता साखर कमी झाली असं समजून वागा.

दारू एका दिवसात बंद करवू नका. रोज पिणाऱ्याला सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि ४८ ते ९६ तासांत भास-बडबड. त्याने माणूस दगावतो. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात नेऊन, साखरेच्या सगळ्या चिठ्ठ्या सोबत देऊन सोडवा. मनाच्या मदतीसाठी टेलिमानस १४४१६ आहे. साखरेच्या डॉक्टरांना दारूचं प्रमाण आकड्यात सांगा, ‘थोडीशी घेतात’ हे माप नव्हे.

प्रश्न : गोदामात एकाला टीबी निघाला. भिंतीवर सगळे खर्रा थुंकतात, त्यातून आम्हाला होईल का?

उत्तर : टीबी मुख्यत: खोकल्यातून हवेत तरंगणाऱ्या कणांनी पसरतो, वाळलेल्या पिचकारीतून नव्हे. भिंत धुवा जरूर, पण गोदामाच्या खिडक्या आधी उघडा. रुग्णाच्या जवळ बसणाऱ्यांनी छातीचा फोटो आणि थुंकी तपासून घ्यावी. मधुमेहींना टीबीचा धोका दोन-तीन पट असतो, म्हणून त्यांचा नंबर पहिला. टीबीचं औषध चालू असताना दारू घेतली तर यकृतावर दुहेरी भार पडतो. शिवाय रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे साखरेच्या काही गोळ्यांचा असर उतरतो, तेव्हा उपचाराच्या सहा महिन्यांत साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजावी लागते. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. त्यासाठी टीबी केंद्रात बँक पासबुकाची प्रत द्यायला सांगा.