थाई ग्रीन करीचं सामान पुण्या-मुंबईत मॉलमध्ये न जाता कुठे मिळेल?

अर्धं सामान तर भाजीवाल्याकडेच आहे. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा, पण जुडीतली हिरवी पाती नकोत. "बुडखे ठेवा" असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. वाटणात तो खालचा पांढरट, जाडसर भागच लागतो. गलांगल (आल्याच्या जातीचा कंद) ताजं मिळालं नाही तर काष्ठौषधींच्या दुकानात सुकं कुलिंजन मागा, कोमट पाण्यात भिजवून वाटा. आलं चालेल म्हणतात. मला नाही पटत. माक्रुत लिंबाच्या पानांऐवजी साध्या लिंबाची कोवळी पानं आणि किसलेली साल, काम भागतं. फिश सॉस मात्र क्रॉफर्ड मार्केटमधल्या इम्पोर्टेड मालाच्या दुकानांत बघा. नारळाचं दूध घरीच काढा, डबा कशाला?