नखांचा रंग उतरवताना

प्रश्न : आठवड्यातून दोनदा तरी नेलपॉलिश बदलण्याची मला सवय आहे. गेल्या काही महिन्यांपासून नखांच्या टोकांचे पापुद्रे सुटू लागले आहेत आणि रंग काढल्यावर नखे पांढुरकी, खरखरीत दिसतात. म्हणून महिन्याभरापूर्वी ‘ॲसिटोनविरहित’ आणि ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले रिमूव्हर वापरायला सुरुवात केली. परंतु काहीच फरक पडलेला नाही. माझी निवड चुकली का?

उत्तर : निवडीपेक्षा आपला हिशेब चुकला आहे. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे यायला साधारण सहा महिने लागतात. ज्या टोकाचे पापुद्रे आज सुटत आहेत, ते काही महिन्यांपूर्वीच मुळातून बाहेर आलेले असून तेव्हापासूनच्या प्रत्येक रंगरंगोटीचा आणि प्रत्येक धुण्याचा मार त्याने सोसलेला आहे. नखाचा दिसणारा भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा आणि निर्जीव असतो. तो त्वचेसारखा भरून येत नाही, वाढत वाढत पुढे जातो आणि कापला जातो. त्यामुळे कोणत्याही रिमूव्हरची परीक्षा एका महिन्यात होऊ शकत नाही.

आता बाटलीकडे वळू. नेहमीच्या नेलपॉलिशचा थर मुख्यतः नायट्रोसेल्युलोज आणि राळेसारख्या पदार्थांचा असतो, आणि हा थर विरघळवू शकणारे बहुतेक द्रावक जाता जाता नखातील थोडा ओलावा आणि स्निग्धताही घेऊन जातात. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्यामुळे नखावरून झपाट्याने उडून जाते आणि मागे कोरडे, पांढुरके नख राहते. हा पांढुरकेपणा पुष्कळदा केवळ कोरडेपणाचा असतो आणि हात धुऊन तेल लावल्यावर नाहीसा होतो. तो तसाच राहिला आणि नखावर पिठासारखे खरखरीत ठिपके दिसले, तर रंग फार दिवस ठेवून नंतर काढताना नखाच्या वरच्या थरातील कण निघाले आहेत, असे समजावे. अशा वेळी काही आठवडे नखे बिनरंगाची ठेवणे हाच उपाय आहे.

‘ॲसिटोनविरहित’ या शब्दातून बाटलीत काय नाही एवढेच कळते. ॲसिटोनच्या जागी बहुधा इथाइल ॲसिटेट असते, आणि ते तर खुद्द नेलपॉलिश पातळ ठेवण्यासाठी वापरले जाणारे द्रावक आहे. त्याचा परिणाम ॲसिटोनपेक्षा सौम्य असतो हे खरे, पण ते हळू काम करते, म्हणून आपण अधिक वेळ आणि अधिक जोराने घासतो, आणि सौम्यपणातून मिळालेले घासण्यात घालवून बसतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाला तर सर्वमान्य अशी एकच व्याख्या नाही. ॲसिटोन आपल्या शरीरातही अल्प प्रमाणात तयार होते, उपवास घडला की थोडे अधिक तयार होते आणि श्वासावाटे बाहेर पडते. शब्दाला शब्द लावायचा तर तेही नैसर्गिकच ठरेल.

खरा फरक दिसतो तो हळू उडणाऱ्या द्रावकांच्या रिमूव्हरमध्ये. घटकांच्या यादीत इथाइल लॅक्टेट, सोयाबीन तेलापासून केलेले मिथाइल एस्टर, प्रोपिलीन कार्बोनेट किंवा डायमिथाइल ॲडिपेट व त्याची भावंडे यांपैकी काही आढळले, तर ते रिमूव्हर या गटातले आहे. इथाइल लॅक्टेट लॅक्टिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून बनते, ही दोन्ही द्रव्ये शर्करा आंबवून मिळवता येतात, आणि त्याचा उत्कलनबिंदू १५४ अंशांच्या आसपास असल्यामुळे ते नखावर टिकून राहते. या गटातील रिमूव्हरचा वास कमी असतो आणि नख एकदम कोरडे पडत नाही. मात्र त्यांना एकेका नखामागे मिनिट-दोन मिनिटे, गडद रंगाला त्याहूनही अधिक वेळ द्यावा लागतो. शिवाय ते तेलकट थर मागे ठेवतात. तो साबणाने धुतल्याखेरीज नवा रंग लावला, तर तो दुसऱ्याच दिवशी सुटू लागतो, आणि मग पुन्हा रिमूव्हर हाती घेणे आले.

या बाटल्यांत सुगंधासाठी बहुधा संत्र्याचे किंवा लॅव्हेंडरचे तेल घातलेले असते. त्यांतील लिमोनीन आणि लिनालूल हे घटक हवेशी संयोग पावून जुने झाले की काहींच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते. आपल्या नखांभोवतीची त्वचा चिरलेली किंवा लाल असेल, तर बिनवासाची बाटली घ्यावी.

काढण्याची पद्धतही सांगतो, कारण माझ्या मते नुकसानीचा मोठा वाटा तिचाच असतो. कापसाचा बोळा चांगला भिजवून नखावर दाबून धरावा, द्रावकाला त्याचे काम करू द्यावे आणि मग मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने ओढून घ्यावा; पुढे-मागे खसाखसा घासू नये. लगेच साबणाने हात धुऊन, नखे किंचित ओलसर असतानाच, तेल, पेट्रोलियम जेली किंवा घट्ट क्रीम चोळावे. पापुद्रे सुटण्याचे आणखी एक मोठे कारण म्हणजे नख पुनःपुन्हा भिजणे आणि वाळणे. त्यामुळे भांडी किंवा कपडे धुताना हातमोजे घालणे हे महागातल्या रिमूव्हरपेक्षाही अधिक उपयोगी पडू शकते. आणि स्पष्टच सांगायचे तर, आठवड्यातून दोनदा सौम्य रिमूव्हर वापरण्यापेक्षा दहा दिवसांतून एकदा साधे ॲसिटोन वापरणे मला अधिक बरे वाटते. टोकाचा टवका उडाला, तर सगळा रंग न काढता तेवढीच जागा पुन्हा रंगवावी.

प्रश्न : लिंबाचा रस, व्हिनेगर, टूथपेस्ट, सॅनिटायझर अशा घरातल्या वस्तूंनी नेलपॉलिश निघते, असे ऐकते. रसायने टाळण्यासाठी हे उपाय चांगले नाहीत का?

उत्तर : लिंबू आणि व्हिनेगर आम्ल आहेत, आणि नायट्रोसेल्युलोजचा थर सौम्य आम्लात विरघळत नाही. गरम पाण्यात बोटे बुडवून ठेवल्यामुळे थराच्या कडा थोड्या सैल होतात आणि उरलेले काम आपण खरवडून करतो. श्रेय मात्र लिंबाला मिळते. नखाशेजारी चीर असेल तर झोंबते ते वेगळेच. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक खरखरीत कण असतात, तेच येथे रंगाबरोबर नखही घासतात. सॅनिटायझरमधील अल्कोहोलने रंग थोडाफार मऊ पडतो, परंतु एक हात पुरा होईपर्यंत नखे आणि त्वचा इतका वेळ अल्कोहोलात राहतात की सौम्यपणाचा मुद्दाच उरत नाही.

या मालिकेतील एकच युक्ती रसायनशास्त्राला धरून आहे. जुन्या रंगावर ताज्या नेलपॉलिशचा जाड हात फिरवून तो वाळण्याआधीच पुसून टाकला, तर नव्या रंगातील द्रावक जुन्या थराला मऊ करतो आणि दोन्ही बरोबर निघतात. रिमूव्हर संपले असेल तेव्हा एखाद्या नखापुरती ती चालते. दहा बोटांसाठी तिचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : सोयायुक्त रिमूव्हरने माझे जेल पॉलिश अर्ध्या तासानंतरही निघाले नाही. रिमूव्हर बनावट असेल का?

उत्तर : बनावट असेलच असे नाही. जेल पॉलिश दिव्याखाली घट्ट होते तेव्हा त्यातील रेणू एकमेकांशी जाळ्यासारखे जोडले जातात, आणि असे जाळे साध्या रंगाप्रमाणे विरघळत नाही. ॲसिटोन त्यात शिरून ते फुगवते आणि नखावरची त्याची पकड सैल करते. हळू उडणाऱ्या सौम्य द्रावकांना हे सहसा जमत नाही, म्हणून जेलसाठी ॲसिटोनच वापरावे लागते. प्रथम वरचा चकचकीत थर कानशीने हलकेच घासावा, भोवतीच्या त्वचेला पेट्रोलियम जेली लावावी, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी आणि दहा ते पंधरा मिनिटे थांबावे. थर सुटून वर आला की तो लाकडी काडीने अलगद सरकवता येतो. न सरकल्यास पुन्हा पाच मिनिटे गुंडाळावे. सुटलेली कड पकडून जेल सोलून काढण्याचा मोह अनेकींना होतो, मात्र त्याबरोबर नखाचेही थर निघून येतात, आणि हे नुकसान पंधरा मिनिटांच्या ॲसिटोनपेक्षा कितीतरी मोठे असते.

प्रश्न : लाल रंग काढल्यावर नखे पिवळी राहतात. अधिक तीव्र रिमूव्हर घ्यावे का?

उत्तर : नाही. हा पिवळेपणा नखाच्या वरच्या थरात मुरलेल्या रंगद्रव्याचा असतो आणि कोणत्याही रिमूव्हरने तो पूर्ण जात नाही. नख वाढेल तसा तो पुढे सरकतो. पुढच्या वेळी रंगाखाली पारदर्शक बेस कोट लावावा. महिना-दीड महिना रंग न लावताही मुळाजवळ पिवळेपणाच उगवत असेल, नख जाड होत असेल किंवा खालच्या त्वचेपासून सुटत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना नख दाखवावे आणि जाताना नखे बिनरंगाची ठेवावीत.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी हट्टाने नेलपॉलिश लावून घेते. तिच्यासाठी कोणते रिमूव्हर सुरक्षित आहे?

उत्तर : तिच्यासाठी रिमूव्हरपेक्षा आधी रंग निवडावा. पाण्यावर आधारलेली, वाळल्यावर सोलून निघणारी नेलपॉलिश मिळते. तिला द्रावक लागतच नाही, आणि जेलप्रमाणे तिची पकड घट्ट नसल्यामुळे ती सोलल्याने नखाला इजाही होत नाही. नेहमीचा रंग लावलाच असेल, तर तो आपण स्वतः, खिडकी उघडून, स्वयंपाकघरापासून दूर बसून काढावा. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. देवापुढचा दिवा किंवा गॅसची शेगडी शेजारी असणे म्हणूनच धोक्याचे ठरते. इथाइल ॲसिटेटही सहज पेट घेते, तेव्हा ‘ॲसिटोनविरहित’ वाचून येथेही निर्धास्त होऊ नये.

बाटलीवर फळाफुलांची चित्रे आणि आत संत्र्याचा वास असला की लहान मुलांना ती सरबताची वाटू शकते, म्हणून तथाकथित नैसर्गिक रिमूव्हरही कुलपातच ठेवावे. मुलीने चुकून ते प्यायलेच, तर तिला उलटी करवू नये. तिला आणि ती बाटली घेऊन तातडीने रुग्णालयात जावे, म्हणजे घटकांची यादी डॉक्टरांना तेथेच वाचता येईल.