दाढा घासल्या, तरी वजन का वाढत नाही?

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या गिनी पिगच्या (मादी) वाढलेल्या दाढा आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी भूल देऊन घासून कमी केल्या. आजाराआधी वजन 980 ग्रॅम होतं, आज 815. पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) भिजवून सिरिंजने भरवतो. गवत तोंडात घेते आणि टाकून देते. वजन दोन दिवस वाढतं, तिसऱ्या दिवशी उतरतं. – दांडिया बझार, वडोदरा

उत्तर : आधी वजनाची पद्धत बघा. पोट भरलेलं की रिकामं, एवढ्यानेच 20-30 ग्रॅमचा फरक पडतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवा, काटा शून्यावर आणा आणि रोज सकाळी पहिल्या भरवणीआधी वजन घेऊन लिहून ठेवा.

तिच्या वजनाला दिवसाला 45 ते 60 मिली पातळ खाणं लागतं. पाच-सहा वेळांत विभागा, म्हणजे एका वेळी 10 मिलीच्या आसपास. दोन वेळांत सहा तासांपेक्षा जास्त अंतर नको. रात्री अकरा आणि पहाटे पाच या वेळा सांभाळल्या की निम्मं काम झालं.

भिजवलेल्या पेलेट्सचा चोथा सिरिंजमध्ये अडकतो, म्हणून बरेच जण ते बारीक गाळणीतून गाळतात. चूक इथेच होते. आतडं चालवणारा तंतू गाळणीत राहतो आणि लेंड्या लहान, कोरड्या, मोजक्याच पडू लागतात. कोरड्या पेलेट्स मिक्सरमध्ये पिठासारख्या दळा, एका भागाला तीन भाग कोमट पाणी घालून वीस मिनिटं फुगू द्या. सिरिंज 1 मिलीची, बिनसुईची घ्या. तिचं टोक कापून कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. पंचात गुंडाळून तिला सरळ बसवा, उताणी कधीच नको. पुढच्या दातांमागे बाजूला जी मोकळी जागा असते, तिथून अर्धा मिली सोडा, चावून गिळू द्या, मग पुढचं. दूध, बिस्किट, पेज यांच्या वाटेला जाऊ नका. पोटात आंबून गॅस धरतात. पोट आधीच फुगलेलं, टणक वाटलं तर भरवणं थांबवून तडक डॉक्टरकडे. उन्हाळ्यात कालवलेलं उरलं की फेकून द्या.

आता खरा मुद्दा. तोंडात घेऊन टाकते, म्हणजे भूक आहे, पण चावता येत नाही. एक तर दुखतंय (वेदनाशामकाचा डोस पुरेसा आहे का, ते डॉक्टरांना विचारा, माणसांची गोळी देऊ नका), किंवा एखादं टोक घासायचं राहिलंय. खालच्या दाढा आत झुकून जिभेवर कमान धरतात, मग घास मागे सरकतच नाही. हनुवटी ओली राहत असेल तर पुन्हा तपासणी लवकर करा. अजिबात तोंडच लावत नसती, तर दुखणं किंवा पोट यांच्यावर आधी संशय घेतला असता.

जबडा कामाला लागेपर्यंत ढोबळी मिरचीचे काडेपेटीतल्या काडीएवढे बारीक उभे काप आणि मऊ हिरवं गवत हातातून द्या. ढोबळीच्या 25-30 ग्रॅममधून साधारण 20-25 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी मिळतं. या काळात त्याहून जास्त लागतं, म्हणून थेंबांचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पाण्याच्या बाटलीत घालू नका, तिथे ते टिकत नाही. गाईंसाठी रस्त्यावर मिळणारा रजको (लसूणघास) वजन वाढायला चांगला, पण धुऊन, निथळून मूठभरच. ढिगात गरम झालेला नको, आणि कायमचाही नको. त्यातल्या कॅल्शियममुळे वाढ पूर्ण झालेल्या गिनी पिगला मूतखडा होऊ शकतो.

सलग तीन दिवस वजन टिकलं आणि गवत स्वतः चावू लागली, की दिवसातली एक भरवणी कमी करा. एकदम बंद केलीत, तर पुन्हा तिसऱ्या दिवशीची घसरण येईल.

प्रश्न : आमच्या गिनी पिगच्या जबड्याला सूज आहे. घरात मुलाचं अमॉक्सिसिलिनचं सिरप आहे. थोडं देऊ का? – अलकापुरी, वडोदरा

उत्तर : एक थेंबही नको. तोंडाने दिलेल्या अमॉक्सिसिलिनने पोटातले उपयोगी जीवाणू मरतात, विषारी वाढतात आणि काही दिवसांत जनावर दगावू शकतं. सूज बहुधा दाढेच्या मुळाशी पू झाल्याची असते. एक्स-रे काढून घ्या.