गिलोटीन काढणारा डॉक्टर गिलोटीनवरच मेला का?

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की फ्रान्समधल्या ज्या डॉक्टरनं मुंडकं उडवायचं गिलोटीन शोधलं, त्याचंच डोकं शेवटी त्याखाली गेलं. करावं तसं भरावं म्हणे. खरं आहे का हे? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही हो! डॉ. जोसेफ इग्नास गियोताँ १८१४ मध्ये पॅरिसमध्ये आजारपणानं गेले, वय ७५, डोकं जागेवर. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत त्यांना तुरुंगात टाकलं होतं एवढं खरं, पण सुटले. घोळ असा झाला की लिआँ शहरातला त्याच आडनावाचा एक डॉक्टर खरंच गिलोटीनवर गेला होता, आणि लोकांनी दोघांचा एकच करून टाकला.

आणि मशीनही त्यांनी शोधलं नाही बरं का. आराखडा सर्जन आंत्वान लुई यांचा आणि बनवलं तोबियास श्मिट या जर्मन माणसानं, ज्याचा मूळ धंदा हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोसारखी वाद्यं बनवायचा! सुरुवातीला लोक या मशीनला ‘लुइझेत’ म्हणायचे, म्हणजे नाव खरं तर लुईंच्याच गळ्यात पडायचं. त्यातून स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये असली यंत्रं आधीपासून होतीच.

मग गियोताँनी केलं काय? तर त्या काळी सरदार-उमरावांचं डोकं तलवारीनं उडवायचे आणि गरिबाला फासावर लटकवायचे नाहीतर चाकाला बांधून हाडं मोडायचे, म्हणजे मरतानासुद्धा जातपात. हा माणूस मुळात मृत्युदंडाच्याच विरोधात, पण तो लगेच बंद होत नाही म्हटल्यावर १७८९ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत मागणी केली की निदान सगळ्यांना शिक्षा सारखी द्या, घरच्यांना कलंक लावू नका, मालमत्ता जप्त करू नका, बॉडी मागितली तर द्या. हे सगळं राहिलं बाजूला. भाषणाच्या भरात ते बोलून गेले की माझ्या यंत्रानं डोकं असं क्षणात उडवतो की तुम्हाला कळणारपण नाही, सभागृहात हशा पिकला, पॅरिसमध्ये त्यावर गाणं निघालं आणि त्यांच्या आडनावावरून ‘गिलोटीन’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हा मशीनचा पत्तासुद्धा नव्हता, ते पहिल्यांदा चाललं २५ एप्रिल १७९२ ला, पेलतिए नावाच्या दरोडेखोरावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि त्यात फॉरवर्डवाल्यांनी संन्याशाला खरोखरच वर पाठवलं!

नंतर गियोताँ देवीच्या लसीच्या प्रचारात होते, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. फ्रान्सनं गिलोटीन शेवटचं वापरलं १९७७ मध्ये, मार्से शहरात, आणि मृत्युदंड रद्द केला तो थेट १९८१ मध्ये.