रोजच्या निर्णयांनी डोकं शिणतं, ते कमी कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर ‘हे करू की ते’ यातच जीव जातो आणि संध्याकाळी कोणी ‘भाजी कोणती करू’ विचारलं तरी रडू येतं. मी यवतमाळ जिल्ह्यातली. सहा एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. हा शीण मला चांगला ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवसभर निंदणाच्या बायांमागे उभी राहून मी अंधार पडताना कृषी केंद्रात गेले. दुकानदारानं एकाऐवजी तीन औषधं पुढे ठेवली. विचारायचं त्राणच नव्हतं, ‘द्या’ म्हटलं. कापसाची बोंडं पोखरणारी बोंडअळी आहे की नाही, हे मी वावरात पाहिलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून पुन्हा पुन्हा येणारे निर्णय मी सकाळी, डोकं ताजं असताना एकदाच घेते आणि आकड्याला बांधून ठेवते. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं अळीचे नर पतंग ओढून पकडणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनांत अळी निघाली, तरच गुलाबी बोंडअळीची फवारणी. हा आकडा कृषी शास्त्रज्ञांचाच आहे. आता ‘फवारू का?’ अशी घालमेल होत नाही, बोंडं तर माझी आठवीतली पोरगीही मोजते. लागवडीचंही तसंच: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बी लावायचं नाही, मग गावात कितीही घाई सुटो.

भाजीचं तर फारच सोपं. आमचा बाजार गुरुवारी, म्हणून दोन दिवस पालेभाजी, मग वांगी-बटाटे, आणि बुधवारी बेसन ठरलेलं. कोणी विचारतच नाही.

एक गोष्ट वाचून मात्र मन फार हलकं झालं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. पीक निघण्याआधी, हात तंग असताना, त्यांना बुद्धीच्या चाचण्या कमी जमल्या. पीक निघून पैसा आल्यावर त्याच माणसांना त्या जास्त चांगल्या जमल्या. म्हणजे श्रावण-भाद्रपदात माझं डोकं चालत नाही, ते मी मंद आहे म्हणून नाही! त्यामुळे पोरीची शाळा, घराची दुरुस्ती, कर्ज हे मोठे विषय आम्ही कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, हाती आल्यावरच काढतो. तुमच्याही वर्षात असे तंगीचे महिने असतील, तर मोठं काही तेव्हा ठरवू नका.

आणि रात्री जेवताना पैशाचा विषय बंद. मागच्या हिवाळ्यात यांनी ताटावरच विचारलं, “कापूस इकाचा का ठेवाचा?” मी म्हटलं, “सकाळी चहा पेताना बोलू.” सकाळी पाच मिनिटांत ठरलं, अर्धा विकायचा.